बाईला न मोजता गावाचे शहर

एखाद्या गावाचे शहर झाले की नाही, हे सरकार कशावरून ठरवते? जनगणनेच्या तीन कसोट्या आहेत. वस्ती किमान ५,००० हवी. चौरस किलोमीटरमागे किमान ४०० माणसे हवीत. आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर हवेत. मैत्रिणींनो, ही तिसरी कसोटी पुन्हा एकदा वाचा. काम करणाऱ्या माणसांपैकी नव्हे, पुरुषांपैकी!

बाई काय काम करते याच्याशी या हिशेबाला देणेघेणे नाही. नवरा एम.आय.डी.सी.त हेल्पर, दीर मालवाहू गाडीवर, मुलगा प्लॉटच्या दलालीत. आणि सासू-सुना सकाळी डबा बांधून दुसऱ्याच्या वावरात निंदणाला. अशी घरे वाढली की गाव शहरी झाले. गावातल्या साऱ्या बाया कापूस वेचत असल्या तरी ते शहरच. १९६१ पासून या कसोटीत पुरुषच मोजला जातो आहे. २०२७ च्या जनगणनेसाठीही ती बदललेली नाही.

त्यातही "मुख्य काम" म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काम. निंदण, वेचणी, सवंगणी अशी तुकड्यातुकड्याने मिळणारी बाईची रोजी पुष्कळदा या अटीतही बसत नाही. आणि "तुम्ही काय करता?" या प्रश्नाला घरातला पुरुषच परस्पर उत्तर देतो, "ती घरीच असते." झाले. दिवसभर ओणवी होऊन राबलेली बाई कागदावर घरी बसली!

एवढीच एक कसोटी असती तर कारकुनी चूक म्हणून सोडून देता आली असती. पण गेली अनेक वर्षे मी नागपूरच्या वेशीवरच्या हिंगणा तालुक्यात बायांच्या गटांबरोबर काम करते आहे, आणि मला दिसते ते असे की, शहर आमच्याकडे ज्या ज्या कागदावरून चालत येते त्या प्रत्येक कागदावर बाई गाळलेली असते. जनगणनेत तिचे काम नाही, सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, मोबदल्याच्या यादीत तिची मजुरी नाही. आणि गाव शहर झाले की जिथे बोलायचा तिचा हक्क होता, ती सभाही उरत नाही. शहर व्हावे की न होवो हा वाद मी इथे घालत नाही. बाईची नोंद न घेता झालेले शहर हे तिच्या वाट्याच्या चोरीवर उभे असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

रस्त्यावरून न दिसणारे गाव

बर्डीवरून हिंगण्याकडे येणाऱ्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शहरच दिसते. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो जानेवारी २०२० मध्येच आली. तिथून पुढे हिंगण्यापर्यंतचा मार्ग दुसऱ्या टप्प्यात आहे; त्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. मुंबईला जाणारा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातल्या शिवमडक्यापासून सुरू होतो. शेजारी वर्धा रोडला मिहान आहे, त्यासाठी चार हजार हेक्टरांहून अधिक जमीन लागली. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१४ मध्ये घेतला. हिंगणा, कुही, भिवापूर ही गावे त्यातूनच नगरे झाली.

पण मेन रोड सोडून अर्धा मैल आत या. कापूस, सोयाबीन, तूर, कुठे संत्र्याची बाग. धुऱ्यावर भाजी तोडणाऱ्या बाया, डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन निघालेल्या बाया. ले-आऊटच्या पांढऱ्या दगडांमधल्या पडीक वावरात शेळ्या चारणाऱ्या बाया. गावातली शेती पुरुषाने केव्हाच सोडली, ती बाईच्या अंगावर चालू आहे. आणि जे काम बाईच्या अंगावर चालते ते मोजायचे नाही, हा नियम घरातला आहे तसाच दिल्लीतलाही आहे.

दोनशे रुपयांचा कागद

आता सातबारा बघू. आमच्याकडे बाप गेला की पटवाऱ्याकडे वारसांची नोंद होते. कायद्याने त्यात मुलगे, मुली आणि विधवा सारे आले पाहिजेत. प्रत्यक्षात मुलांची नावे भोगवटदार म्हणून चढतात आणि माय-बहिणींची नावे, चढलीच तर, "इतर अधिकार" या रकान्यात जातात. कित्येक जुन्या सातबाऱ्यांवर "एकत्र कुटुंब कर्ता" म्हणून मोठ्या भावाचे एकट्याचेच नाव असते. जमिनीला भाव नव्हता तोवर याची कोणी दखल घेतली नाही. कोरडवाहू दोन एकर, त्यात काय भांडायचे?

मग मिहान आले, महामार्ग आला, ले-आऊटवाले आले. एकरी भाव लाखांतून कोटीत गेला. आणि मग भावांना बहिणींची आठवण झाली! वर्षानुवर्षे भाऊबीजेला न फिरकलेला भाऊ चारचाकी घेऊन दारात उभा. लुगडे, ब्लाउजपीस, मिठाईचा डबा. "ताई, एक सही पाहिजे, साहेबानं बोलावलं आहे." दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींना ओळीने बसवतात, अंगठे घेतात, फोटो काढतात, वाटेत नाश्ता देतात आणि संध्याकाळी घरी सोडतात. कागदाचे नाव हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा भावाला सोडून देण्यासाठी मुद्रांक लागत असे २०० रुपयांचा; ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० झाला. कोटीच्या जमिनीतला बाईचा हिस्सा पुसायला सरकारही एवढेच पैसे मागते.

सही केलेल्या बायांना मी विचारते, कागद वाचून दाखवला का? बहुतेकींचे उत्तर एकच असते, "भावानं सांगतलं, सही कर. केली." हिश्श्याची किंमत किती होती? "ते का मले सांगते?" यात दांडगाई नाही, आरडाओरडा नाही. म्हणूनच या लुटीला कोणी लूट म्हणत नाही.

हा हक्क बाईला कोणी दान दिलेला नाही. मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा देणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले आणि बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदेमंत्रिपद सोडले. ज्या नागपुरात त्यांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षा दिली, त्या नागपूरच्या वेशीवर त्यांना मानणाऱ्या घरांतूनही हक्कसोडपत्रे होतात, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केले, पण २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. बाप २००५ मध्ये जिवंत नव्हता म्हणून मुलीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. आमच्या तालुक्यातल्या गोंड बायांना हा कायदा थेट लागू नाही; पण जुलै २०२५ मध्ये एका गोंड बाईच्या वारसांना त्याच न्यायालयाने बरोबरीचा हिस्सा दिला. म्हणजे कायदा मिळवायला सत्तर वर्षे लागली. तो घालवायला एक दुपार पुरते.

आणि बायको? तिचे तर नवऱ्याच्या जमिनीत तो जिवंत असेतो काहीच नाही. शेजारच्या गोव्यात लग्नानंतर मिळकत सहसा दोघांची समाईक धरली जाते. आपल्याकडे जिने वीस वर्षे वावर निंदले तिला विक्रीची बातमी शेजारणीकडून कळते. पैसा येतो, गाडी येते, दोस्त येतात, मजल्यावर मजला चढतो, आणि काही वर्षांनी तीच बाई शहरातल्या कोणाच्या तरी घरी भांडी घासायला जाते. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड मेळाव्यात बाया लाखांनी जमल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून कित्येक नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. तेव्हा जमिनीला भाव नव्हता, म्हणून ती सोडणे सोपे होते, असे कोणी म्हणेल. मग आज भाव आला आहे तर ती मागणे जास्तच गरजेचे नाही का?

ज्यांचे वावर नव्हतेच

जमीन असलेल्या घरांतल्या बायांचे हे असे. ज्यांच्याकडे वावरच नाही त्यांचे काय? मजूर बाईची रोजी त्याच जमिनीवर होती. जमीन गेली, रोजी गेली. जळण, चारा, गुरांची वाट, सारे गेले. तिला कोणी सहीलाही बोलावत नाही!

२०१३ चा भूमी संपादन कायदा या बाबतीत जुन्या १८९४ च्या कायद्याहून पुष्कळ बरा आहे. त्यात तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूरही बाधित कुटुंब धरला जातो. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब मानले आहे. परित्यक्तांच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे लढलेल्या आपल्या चळवळीला या ओळीचे मोल कळेल. पण त्याच कायद्यात पुनर्वसनाचे घर नवरा-बायकोच्या संयुक्त नावे "करता येईल" असे म्हटले आहे. "करावेच लागेल" असे नाही. आणि करता येईल ते आपल्याकडे होत नाही.

शिवाय हा कायदा टाळायची वाट सापडली आहे. तिचे नाव सरळ खरेदी. समृद्धी महामार्गाची बरीचशी जमीन २०१७ पासून अशीच घेतली गेली. सातबाऱ्यावरच्या माणसाशी बोलणी करायची, चढा भाव द्यायचा, खरेदीखत करायचे. यात सामाजिक परिणामांचा अभ्यास नाही, जनसुनावणी नाही, मजुरांची यादी नाही. शेतकऱ्याला पैसे बरे मिळाले, हे मी नाकारत नाही. पण "शेतकरी" म्हणजे कोण? खरेदीखतावर ज्याची सही, तो. बहिणीने सही सोडून दिलेली आणि मजूर बाईची सही लागतच नाही. मग सरळ खरेदी कोणासाठी सरळ?

हे सारे आज सांगायचे कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) या मौजांमध्ये सुमारे ६९२ हेक्टरांवर "नवीन नागपूर" या नावाने व्यापार व वित्त केंद्र उभारायला मंजुरी दिली. रिठी म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या मैत्रिणींना सांगायला हवे. ज्या मौजात जमीन कसली जाते पण वस्ती नाही, ती रिठी. कागदावर तिथे कोणी राहत नाही. पण आजूबाजूच्या गावांतून रोज तिथे कामाला जाणाऱ्या बाया आहेत. राहत नाही म्हणून त्या बाधित नाहीत, मालक नाही म्हणून त्या भागीदार नाहीत. बाईला न मोजण्यासाठी याहून सोयीचा मौजा शोधून सापडला नसता.

सभा गेली

गावात ग्रामसभा असते आणि तिच्याआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक असते. ती नेहमी नीट होते असे नाही. पुष्कळदा सह्यांचे रजिस्टर घरोघरी फिरवून सभा उरकतात. पण दारू, रेशन, पाणी, गायरान यांवर बायांनी उठून बोलण्याची ती जागा आहे. तिथे ठराव मागता येतो, लिहून घेता येतो, त्याची नक्कल काढता येते.

गावाची नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपली. निम्म्या जागा बायांना राखीव आहेत, हे खरे आणि चांगले. पण सदस्य होणारी बाई एका प्रभागात एक. सभेत बोलू शकणाऱ्या बाया गावभर होत्या. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत. क्षेत्रसभेची भाषा कायद्यात आली, पण आमच्या बाजूला ती भरलेली मी तरी पाहिली नाही. म्हणजे छोट्या नगरातल्या बाईला गावाची सभा नाही आणि शहराची समितीही नाही.

रोजगाराचेही तेच. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा ग्रामीण भागापुरता होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आणलेला १२५ दिवसांचा कायदाही ग्रामीणच. बाई तीच, वावर तेच, पण पाटी बदलली की हमी गेली.

दारूचे पाहा. महामार्गालगतची दुकाने हटवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला, आणि नगरांच्या हद्दीतल्या दुकानांना तो लागू नाही असा खुलासा जुलै २०१७ मध्ये केला. गावाला नगर म्हणवून घेण्याचा हा फायदा कोणाला झाला, हे सांगायला नको. बायांच्या हाती एक शस्त्र अजून आहे: मतदान घेऊन बाटली आडवी करण्याची तरतूद गावाला आहे तशी प्रभागालाही आहे. पण त्यासाठी बाया आधी एकत्र भेटल्या पाहिजेत. त्या भेटणार कोणत्या सभेत?

तीन उत्तरे

हे बोलले की तीन गोष्टी ऐकवल्या जातात.

पहिली: हिस्सा मागितला तर माहेर तुटते. ही भीती खोटी नाही. सासरी मार पडला तर रात्री ज्या दारात जायचे ते दार भावाचे असते. पण नीट पाहा, म्हणजेच बहिणीच्या असहायतेवर भाऊ जमीन वसूल करतो. ज्या दारात उभे राहायची किंमत एक एकर आहे ते माहेर नव्हे, ते गहाणखत आहे. आणि सही देऊनही ज्यांना पुढे कोणी विचारले नाही अशा बहिणी प्रत्येक गावात आहेत.

दुसरी: बहिणीला लग्नात दिले आहे. दिले ते सासरच्यांना दिले. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्यात खर्च केलेला पैसा हक्काच्या हिश्श्यातून वळता करता येत नाही.

तिसरी: शहराने बायांना काम दिले ना? दिले. कंत्राटदाराच्या हाताखाली, पाळीचा भरवसा नाही, जाण्या-येण्याची सोय नाही. मुलींना कारखान्यात काम मिळते याचा मला आनंद आहे. रोजच्या रोकड पैशाने घरातले तिचे बोलणे वाढते, हेही मी पाहते. पण नोकरी जमिनीच्या बदल्यात दिली, असे कोणी म्हणू नये. भावाला जमिनीचा पैसाही मिळाला आणि नोकरीही. बहिणीला एकच का?

आपण काय करायचे

आपल्या संघटनांचे कामही शहर आणि खेडे अशा दोन खात्यांत वाटलेले आहे. वेशीवरची बाई दोन्हीत बसत नाही. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत ७१९ गावे आहेत. म्हणजे वेस आता लहान नाही. पुण्याभोवती, नाशिकभोवती, संभाजीनगरभोवती हेच चालू आहे. म्हणून या मागण्या सर्वांनी मिळून लावून धरायला हव्यात:

१. गाव शहर ठरवताना बायांचे काम मोजा. कसोटीतला "पुरुष" हा शब्द काढा. तोवर जनगणनेच्या वेळी प्रत्येक गटाने घरोघर जाऊन बायांना सांगावे: उत्तर स्वतः द्या, "घरीच असते" म्हणू नका, "शेतकरी" किंवा "शेतमजूर" लिहून घ्या.

२. कोणत्याही प्रकल्पासाठी खरेदीखत किंवा निवाडा होण्याआधी सर्व वारसांची नावे भोगवटदार म्हणून लागली पाहिजेत, आणि पैसा ज्याच्या त्याच्या खात्यात गेला पाहिजे. विक्रीला बायकोची लेखी संमती हवी.

३. हक्कसोडपत्र करताना निबंधकाने बाईला एकटीला बसवून कागद वाचून दाखवावा, हिश्श्याची बाजारभावाने किंमत सांगावी आणि नोंदणीआधी तीन महिन्यांचा अवधी द्यावा.

४. सरळ खरेदीतही मजूर बायांची यादी करा. रिठी मौजात वस्ती नसेल, पण काम आहे. ते काम करणाऱ्यांना बाधित धरा.

५. प्रत्येक नगरपंचायतीत प्रभागवार महिला सभा सक्तीची करा, आणि तिचे ठराव कार्यवृत्तात घ्या.

सरकार हे करील तेव्हा करील. आपल्याला उद्यापासून करता येण्यासारखे एक काम आहे. आपल्या गटातल्या प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा सातबारा काढावा. तो आता ऑनलाइन दिसतो. गट नंबर माहीत असला की पुरे. आपले नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहावे. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत हरकत लिहून द्यावी आणि पोच घ्यावी. आणि सहीसाठी गाडी दारात आली तर एकटीने बसू नये. गावातल्या साऱ्या बहिणींनी मिळून ठरवावे की यंदा कोणीच सही करणार नाही. एकीने नाही म्हटले तर ती भांडखोर ठरते. साऱ्यांनी नाही म्हटले तर वाटणीची बोलणी सुरू होते.